साडेतीन मिनिटांसाठी ४८ व्होल्ट?

वाचकाचं पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात मंगळवार पेठेत राहतो. एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. गेल्या दिवाळीत जुन्या २६ इंची सायकलीला मागच्या चाकाचं हब मोटर किट (चाकाच्या मधोमध, आसाभोवती बसणारी मोटर) बसवलं. ३६ व्होल्ट, २५० वॉट, बॅटरी १० अँपिअर-अवरची लिथियम. विकणारा म्हणाला होता ४५ किलोमीटर जाईल. मला जेमतेम २२ मिळतात. जाऊन-येऊन १८ होतात, त्यामुळे संध्याकाळी पोवई नाक्यापासून वर येताना रोज धाकधूक. शिवाय गाडी तिसाच्या वर पळत नाही, वर्कशॉपमधली पोरं स्कूटरवरून हात करून पुढे जातात. गॅरेजवाला म्हणतो ४८ व्होल्टची बॅटरी टाका. कराडला इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, आहे तशीच दुसरी बॅटरी घ्या आणि दोन्ही सिरीजमध्ये जोडा, ७२ व्होल्ट होतील. बायको म्हणते विकून टाका. एकदा कासलाही जायचं मनात आहे. कुणाचं ऐकू? सायकलीचा फोटो सोबत जोडला आहे."

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

पत्रापेक्षा तुमचा फोटो मी जास्त वेळ बघत बसलो. का, ते शेवटी सांगतो. आधी तुमचा प्रश्न.

किट विकणारा खोटं बोलला नाही, त्याने अर्धं वाक्य सांगितलं. पूर्ण वाक्य असं आहे: ४५ किलोमीटर जाईल, पण ताशी २० ने, सपाट रस्त्याला, थोडं पायडल मारत. तुम्ही ती मूठ पिळून चालवता, ते पत्रातच दिसतंय. तिसाच्या वर जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे रोज तिसाला नेऊन बघता!

व्होल्ट आणि अँपिअर थोडा वेळ बाजूला ठेवा. ३६ ला १० ने गुणा, ३६० वॉट-तास. घरच्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, तेव्हा तुमची अख्खी बॅटरी म्हणजे एका युनिटचा तिसरा हिस्सा. त्यातलेही सगळे हाताला लागत नाहीत. लोड आला की व्होल्टेज खचतं, बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं राखणदार सर्किट, आधीच हात वर करतो. ८५ टक्के धरा, ३०६ उरतात. हा तुमचा डबा. एका घासाला किती लागतं, तेवढंच बघायचं.

हिशेब मी तुमच्यासाठी मांडला. तुम्ही आणि सायकल मिळून १०० किलो धरले. सरळ बसून चालवणारा माणूस, साधे टायर, मोटर आणि तिला वीज मापून देणारा कंट्रोलर मिळून चारातला एक हिस्सा वीज गरम होण्यात घालवतात असं धरलं. ताशी २२ ला सपाट रस्त्यावर एका किलोमीटरला साधारण ८ वॉट-तास लागतात. ३० ला १२. ३७ ला साडेसोळा. येताना चढ आहे, तो शंभर मीटरचा धरू. १०० किलो वजन १०० मीटर उचलायला नुसतं गणित २७ वॉट-तास सांगतं, चढावर मोटरची तूट जरा जास्त धरून ३९ जातात. आता ३०६ मधून ३९ काढा आणि १२ ने भागा.

२२ किलोमीटर. तुमचाच आकडा.

मला हे आवडलं, कारण याचा अर्थ तुमची बॅटरी ठणठणीत आहे, किटही बरं आहे. दुखणं वेगाचं आहे. एवढ्याशा वेगवाढीने इतका फरक कशाने पडतो, ते ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर कळेल. तिथल्या पवनचक्क्यांना विचारा. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. सायकलीवर हेच उलटं चालतं. तिथे वारा पात्यांवर येतो, इथे तुम्ही छाती पुढे करून वाऱ्यावर जाता. वेग दुप्पट केलात तर हवा कापायला दर तासाला आठपट वीज, आणि अंतर निम्म्या वेळात संपतं म्हणून दर किलोमीटरला चौपट. टायरच्या घर्षणाचं तसं नसतं, ते दर किलोमीटरला जवळपास तेवढंच राहतं. म्हणून पंधरा-वीसपर्यंत सायकल मेहनती बैलासारखी थोडक्यात भागवते आणि पंचविशीनंतर तिची भूक एकदम सुटते.

आता गॅरेजवाल्याचं. ४८ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ४८० वॉट-तास. वापरायला ४०८ आले. मोटरचे फेरे व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात, त्यामुळे तिसाची गाडी ३७ च्या पुढे जाऊ लागेल आणि तुम्ही ती नेणारच. ४०८ मधून चढाचे ३९ काढा, साडेसोळाने भागा. पुन्हा २२! नवी बॅटरी, बहुतेक नवा चार्जर, कदाचित नवा कंट्रोलर, एवढे पैसे मोजून संध्याकाळी पोवई नाक्यावर धाकधूक तीच. मिळालं काय? नऊ किलोमीटरच्या एका फेरीला ३० ने १८ मिनिटं लागतात, ३७ ने साडेचौदा. साडेतीन मिनिटं वाचली, तीही रस्त्यात एकही सिग्नल, एकही एसटी, एकही म्हैस आडवी आली नाही तर.

शिवाय गॅरेजवाल्याला एक विचारा, कंट्रोलर बदलणार की तोच ठेवणार? ३६ च्या कंट्रोलरमध्ये कपॅसिटर बरेचदा ५० व्होल्टपर्यंतच टिकणारे असतात. ४८ ची म्हणतात ती बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६ व्होल्ट असते. कधी महिनाभर चालतं, कधी पहिल्याच दिवशी फट्कन आवाज येतो आणि कुजक्या मासळीसारखा वास सुटतो. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. ३६ चा कंट्रोलर साधारण ३१ व्होल्टला गाडी बंद करतो. ४८ च्या बॅटरीत १३ सेल ओळीने असतात. ३१ ला १३ ने भागलं तर एका सेलच्या वाट्याला २.४ येतात. तिथपर्यंत सेल वारंवार उतरला तर तो लवकर मरतो. बीएमएस चांगला असेल तर त्याआधी तोडेल, पण स्वस्तातल्या पॅकमध्ये पहिली काटकसर बीएमएसमध्येच झालेली असते.

भाच्याची कल्पना ऐकून मला आयटीआयतले दिवस आठवले. वायरमनच्या वर्गाला शिकवताना दर वर्षी एक तरी मुलगा असा निघायचाच आणि तोच पुढे चांगला कारागीर व्हायचा. त्याला रागावू नका. पण सिरीज नाही. दोन पॅक भरलेले असताना ८४ व्होल्ट होतात. तुमचा कंट्रोलर त्यापुढे टिकणार नाही. नवा ७२ चा आणला तरी २५० वॉटची मोटर ताशी ४५-५० ने हवा कापायला लागणारी हजारभर वॉटची ताकद रोज देत बसली, तर तिची आतली वायर करपेल. आणि ज्या बीएमएसला ४२ व्होल्टच्या घरात राहायची सवय, तो एका पॅकचा तुटला की त्याच्यावर अचानक सगळे व्होल्ट येतात. हे सगळं निभावलं असं धरलं तरी एवढ्या वेगाला किलोमीटरमागे २३ ते २७ वॉट-तास जातात. दोन बॅटऱ्यांचे मिळून ६१२. भागाकार तुम्हीच करा, गाडी पुन्हा विशी-पंचविशीतच अडकते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

भाच्याचा अर्धा सल्ला मात्र सोन्यासारखा आहे. दुसरी बॅटरी तशीच घ्यायची, पण पॅरलल जोडायची, म्हणजे प्लसला प्लस, मायनसला मायनस. व्होल्ट तेच ३६, वेग तोच, साठा दुप्पट. २२ ने चालवलीत तर पायडलला पाय न लावता ७० च्या आसपास जाईल. वर एक फायदा असा की लोड दोघींत वाटला जातो, प्रत्येकीवर ताण निम्मा, व्होल्टेज कमी खचतं, सेल जास्त दिवस टिकतात.

पण पॅरलल जोडताना एक नियम तोडू नका. जोडण्याआधी दोन्ही पॅकचं व्होल्टेज मल्टीमीटरने मोजा, फरक पाव व्होल्टच्या आत हवा. सर्वांत सोपं म्हणजे दोन्ही पूर्ण चार्ज करून मगच जोडायचे. हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या सायकलीला मी घाईघाईत एक भरलेला आणि एक अर्धा उतरलेला पॅक जोडला. सहा व्होल्टचा फरक होता. सहा व्होल्टने काय होतंय, असं मनात म्हटलंसुद्धा. पॅकचा आतला रोध इतका कमी असतो की तेवढ्यात तीस-एक अँपिअर एका पॅकमधून दुसऱ्यात धावले. निळी ठिणगी उडाली, पिवळ्या कनेक्टरचं प्लास्टिक मऊ होऊन दोन्ही भाग एकमेकांना चिकटले. ते सुटेनात, पक्कड घेऊन ओढेपर्यंत वायरचं इन्शुलेशन बोटांना चटका देत होतं. तो कनेक्टर मी अजून टेबलाच्या खणात ठेवलाय. मोह झाला की बघतो.

तेव्हा तिघांत कुणाचं ऐकायचं? सध्या कुणाचंच नाही. वहिनींचंही नाही, विकू नका. पंधरा दिवस एक रुपयाही बॅटरीवर घालू नका. त्याऐवजी बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामध्ये बसणारा साधा वॉटमीटर आणा. रोज घरी आलात की त्यावरचे वॉट-तास आणि सायकलच्या मीटरवरचे किलोमीटर एका वहीत लिहा. टर्नर माणूस आहात, व्हर्नियरशिवाय जॉबला हात लावत नाही. इथे मात्र अंदाजाने बॅटरी घ्यायला निघालात. पाच दिवस नेहमीसारखं पिळून चालवा. पाच दिवस २२ च्या वर जाऊ नका. शेवटचे पाच दिवस २२ नेच, पण पायडल मारत.

त्या शेवटच्या पाच दिवसांत गंमत आहे. २२ ने सपाट रस्त्याला चाकावर लागणारी ताकद साधारण १३५ वॉट. घाम न गाळता माणूस ६० वॉट सहज देतो. म्हणजे जवळजवळ अर्धा भार तुमचा आणि बॅटरीचा खर्च आठावरून साडेचारावर. विकणाऱ्याचे ४५ किलोमीटर इथे सापडतील, वर काही शिल्लकही राहील. हेच ६० वॉट तुम्ही ३७ च्या वेगाला दिलेत तर ते कुठे गेले हेही कळणार नाही, कारण तिथे साडेचारशेच्यावर लागतात. आणि खरं म्हणजे देताच येत नाहीत. साध्या सायकलीच्या गिअरला ३७ वर पाय नुसते हवेत फिरतात. वेगवान ई-सायकल चालवणारा माणूस स्वतःच्याच गाडीवर ओझं होऊन बसतो.

हवा भरा, टायरची. निम्म्या लोकांची रेंज तिथेच गळते. हवा उतरलेला साधा टायर हाताने दाबून कळतो. आठवड्यातून एकदा पंप मारायचा. पंप घरचा घ्या, नाक्यावरच्या फुकट हवेला मुहूर्त लागत नाही.

वर्कशॉपमध्ये चार्जिंगला सॉकेट मिळत असेल तर मालकाला विचारा. ४२ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर पाळीच्या आठ तासांत बॅटरी भरून मोकळा होईल, खर्च दिवसाला अर्ध्या युनिटच्याही आत. मग पोवई नाक्याची धाकधूक उद्यापासून बंद, एकही बॅटरी न घेता. घरी चार्जिंग करताना मात्र जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या दाराच्या तोंडाशी लावू नका, रात्री झोपेत लावू नका, आणि चढ चढून आल्या आल्या गरम पॅकला चार्जर लावू नका. तासभर गार होऊ द्या.

कायद्याचंही सांगतो, कारण गॅरेजवाला सांगणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे २५० वॉटच्या आतली, ताशी २५ च्या आत राहणारी आणि तशी चाचणी होऊन प्रमाणित झालेली बॅटरीची गाडी मोटार वाहनात मोजली जात नाही. तिला नंबर प्लेट नको, लायसन नको. त्यापुढे गेलात की ती मोटार वाहन. मग नोंदणी, विमा, लायसन सगळं आलं, आणि घरी जोडलेल्या सायकलीला नोंदणी मिळणं जवळजवळ अशक्य, कारण तिची प्रमाणित चाचणीच झालेली नसते. तिसाला तुम्ही आताच काठावरून पलीकडे आहात. ४८ ची टाकून कुणाला धडकलात तर विमा नसलेली, नंबर नसलेली मोटरसायकल चालवत होतात असा अर्थ निघेल. बहुतेक कंट्रोलरला वेगमर्यादेची एक बारीक वायर असते, ती जोडली की गाडीचा वेग विशी-पंचविशीला थांबतो. किट बसवणारे ती मुद्दाम मोकळी सोडतात. शोधा, जोडा. स्कूटरवरून हात करणाऱ्या पोरांना तुम्हीही हात करा, त्यांचा पेट्रोलचा खर्च त्यांना लखलाभ.

आता कास. जा, जरूर जा, पण या सायकलीचा स्वभाव ओळखून जा. सातारा सातशे मीटरच्या आसपास, कासचं पठार १२०० च्या आसपास. पाचशे मीटर चढायला नुसतं गणित १३६ वॉट-तास सांगतं. पण यवतेश्वरच्या घाटात गणित फसतं. हब मोटरला चढासाठी बदलता येतील असे गिअर नसतात. तिसाला पळायला बांधलेली मोटर घाटात दहा-बाराला रखडली की तिची जवळजवळ अर्धी वीज उष्णता होऊन जाते. म्हणून १३६ चे अडीचशे-पावणेतीनशे होतात आणि बॅटरी वर पोचता पोचता दम तोडते. त्याहून वाईट म्हणजे मोटर तापते. तुमचं हब आकाराने लहान आहे, म्हणजे आत नायलॉनची दातेरी चाकं असणार. तापल्यावर पहिले तेच दात जातात.

उपाय जुनाच, पाय. पहिल्या वळणापासून पायडल मारा, मोटरला नुसता हात लावू द्या. दर दीड-दोन किलोमीटरला थांबून हबवर तळहात ठेवा. ठेवून धरता येत नसेल तर बसा दहा मिनिटं, खाली सातारा दिसतोच. उतरताना मोटर बॅटरीत काही परत भरेल ही आशा ठेवू नका, या प्रकारच्या हबला ते जमत नाही. उलट चढताना मिळवलेली सगळी उंची उतरताना ब्रेकच्या रबरात जिरवायची असते. दाबून धरून ठेवू नका, थोडं दाबा, सोडा, पुढचा-मागचा आलटून पालटून. निघण्याआधी ब्रेक शू नवे घाला. फुलांच्या दिवसांत सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, त्या गर्दीत घाटात थांबायलाही जागा मिळत नाही. आणि पावसात नको. कंट्रोलरची पेटी तुमच्या सीटखाली उघडीच बांधलेली दिसते, वायरी खालून निघतील अशी ती फिरवून घ्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता टिपकून जाईल.

पंधरा दिवसांची वही भरल्यावर दुसरी बॅटरी लागेल असं वाटलं तर घ्या, पण त्याच प्रकारच्या सेलची, तेवढ्याच व्होल्टची. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलचा पॅक कुणी स्वस्तात देत असेल तर नमस्कार करून परत या. भाच्याला सुट्टीत बोलवा, वही आणि मल्टीमीटर त्याच्या हातात द्या, आकडेमोड तोच करू दे. सिरीज की पॅरलल, हे तो दोन दिवसांत स्वतःच सांगेल.

आणि आता तो फोटो. मागच्या चाकाचा उजवीकडचा नट मी मोठा करून बघितला. मोटरचा आस फ्रेमच्या खाचेत नुसत्या नटवर धरलाय, टॉर्क आर्म, म्हणजे आस फिरू नये म्हणून लावायची पट्टी, कुठे दिसत नाही. मोटर चाकाला पुढे ढकलते तेवढ्याच जोराने आसाला उलटं फिरवू बघते. नट जरा सैल झाला की आस खाचेत फिरतो, वायरी पिळवटून तुटतात, आणि चाक चालत्या गाडीतून निसटू शकतं. नटाशेजारी फ्रेमचा रंग अर्धचंद्रासारखा खरवडलेला दिसतोय, तिथे पत्रा उघडा पडलाय. म्हणजे आस एकदा तरी हललाय. तुम्ही लेथवर काम करता. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीला आसाच्या चपट्या बाजूंच्या मापाची घट्ट खाच पाडा आणि दुसरं टोक फ्रेमच्या दांडीला पक्कं आवळा. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत होण्यासारखं काम आहे. ते होईपर्यंत सायकल घरीच राहू द्या.